फेरफार कोणाच्या नावावर?

डॉक्टर, नमस्कार. माझं माहेर आणि सासर दोन्ही भंडारा जिल्ह्यातच. मुलगा चार वर्षांचा आहे. आठ-नऊ महिन्यांचा झाल्यापासून त्याचे हातपाय सुजायचे, रात्ररात्र रडायचा. तपासणीत सिकलसेलचा एसएस पॅटर्न निघाला. मग आम्हा नवराबायकोचं रक्त तपासलं, दोघंही एएस. आमचं लग्न नात्यातलं नाही. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या खानदानात सात पिढ्यांत कोणाला नाही, हे हिच्या माहेराहून आलं.’ माझी आई म्हणते, जावई खर्रा खातात, त्यानं रक्त नासलं. गावातल्या एका शिकलेल्या माणसानं सांगितलं, हा आजार चारात एकाला होतो, तुमचा एक झाला, आता पुढची तीन चांगलीच होणार. त्या भरवशावर दुसऱ्याचा विचार केला, आता मला दोन महिने झालेत. मुलगी झाली तर तिला होत नाही असंही ऐकलं. आणखी एक. नणंदेचं लग्न ठरत आहे. कॉलेजातल्या तपासणीत तिला सिकलसेलच्या वाहकाचं पिवळं कार्ड मिळालं होतं, सासूबाईंनी ते कपाटात ठेवून दिलं आणि मला तोंड उघडू नको म्हणून सांगितलं. मी काय करू?
– एक आई, भंडारा जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रात खाली ईमेल होता म्हणून घाईचं तेवढं त्याच दिवशी कळवलं. तेच इथे आधी लिहिते, कारण हे सदर वाचणाऱ्यांत तुमच्यासारख्या आणखी कोणी असू शकतात. गावातल्या त्या शिकलेल्या माणसाचा हिशोब साफ चुकलेला आहे. या खेपेलाही धोका चारात एकच आहे. पहिल्या खेपेला होता तेवढाच, गुंजभरही कमी नाही आणि जास्तही नाही. बाळाला सिकलसेल आहे की नाही हे जन्माआधी कळू शकतं, पण त्यासाठी वारेचा बारीकसा तुकडा घ्यावा लागतो आणि तो साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात घेतात. ती वेळ टळली तर सोळाव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भजल तपासता येतं, पण मग निकाल हाती येईपर्यंत पाचवा महिना उजाडतो. तेव्हा शेतात धानाचे परे टाकायची घाई असो की घरात लग्नाची, तुम्ही याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. बाकीचं पत्र नंतर वाचलं तरी चालेल.

आता सावकाश बोलू.

इंग्रजीत एक गंमत आहे. तलाठ्याच्या दप्तरातल्या फेरफाराला आणि जनुकात झालेल्या बदलाला शब्द एकच, म्युटेशन. आपल्या पाठ्यपुस्तकांनी जनुकाच्या बदलाला उत्परिवर्तन असं जडशीळ नाव दिलं. ते उच्चारताच समोरची माणसं गप्प होतात आणि माना डोलवायला लागतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी फेरफारच म्हणते. शेतकऱ्याच्या घरात फेरफार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही: मूळ नोंद अमुक होती, ती बदलली, आणि आता पुढच्या वारसांकडे ती बदललेलीच जाणार. जनुकातही हेच होतं. एक फरक मात्र फार मोठा आहे आणि तुमच्या गावच्या गणितज्ञाची गाडी तिथेच रुळावरून घसरली.

आधी नोंद कसली आणि बदललं काय ते बघू. रक्ताच्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असतं हे तुम्हाला माहीत आहे. ते चार साखळ्यांचं बनतं, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी कशी बनवायची याचा कागद आपल्या अकराव्या गुणसूत्रावर असतो. १४६ मण्यांची ती माळ. त्यातल्या सहाव्या मण्याच्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन नावाचा दुसरा मणी बसतो, कारण डीएनएच्या लिखाणात एका अक्षराचा फेरफार झालेला असतो, ‘ए’च्या जागी ‘टी’. बाकी सगळी माळ जशीच्या तशी. तेवढ्या एका मण्यापायी, अंगातला प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार करतं आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी नि ताठर होते. चांगली लाल पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकते, म्हणून तुमच्या लेकराचे हातपाय सुजले आणि तो रात्रभर रडला. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा आजार म्हणजे एका रेणूतला बिघाड आहे, आणि पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅमनी नेमका कोणता मणी बदलला ते शोधलं. आजाराचं मूळ एका रेणूत सापडण्याची ही पहिलीच वेळ होती.

या कागदाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. तुमच्या रिपोर्टवरच्या दोन अक्षरांचा अर्थ इतकाच. एए म्हणजे दोन्ही प्रती मूळच्या. एएस म्हणजे एक मूळची, एक फेरफार झालेली. अशा माणसाचं काम मूळ प्रतीवर चालून जातं, त्याला सहसा काही त्रास होत नाही, तो वाहक. एसएस म्हणजे दोन्ही प्रती फेरफाराच्या, तो रुग्ण. तुम्ही एएस, तुमचे यजमान एएस. मूल राहताना तुमच्या दोन प्रतींतली कोणती तरी एक बाळाकडे जाते, त्यांच्या दोनांतली एक जाते. दोघांकडूनही नेमकी फेरफाराची जाण्याची शक्यता चारात एक. दोघांकडून मूळची जाण्याची चारात एक. एकाकडून ही नि दुसऱ्याकडून ती, म्हणजे बाळ तुमच्यासारखंच वाहक होण्याची चारात दोन.

आता तो मोठा फरक. बापाकडे धानाच्या चार बांध्या आहेत आणि चार मुलं आहेत असं धरा. त्यातली एक बांधी खारवट. ती थोरल्याच्या वाट्याला गेली की धाकटे तिघं सुटले, कारण जमीन वाटली की संपते. गावच्या माणसानं हाच वाटणीचा हिशोब केला. पण जनुकांची वाटणी होत नाही, त्यांची झेरॉक्स दिली जाते! थोरल्याला फेरफाराची प्रत दिली म्हणून तुमच्याजवळची प्रत कमी झाली नाही. ती तिथेच आहे, आणि पुढच्या मुलाच्या वेळी पुन्हा दोनातली कोणती उचलली जाईल हे त्या वेळीच ठरणार. मागच्या वेळी काय उचललं होतं याची कुठेही नोंद राहत नाही.

सासूबाईंच्या ‘सात पिढ्यां’चं उत्तरही याच हिशोबात दडलंय, म्हणून थोडी आकडेमोड करते, कंटाळू नका. नवराबायको दोघंही एएस आहेत आणि प्रत्येकाला चार-चार मुलं आहेत अशी २५६ घरं घेऊ. ‘चारात एक’ म्हटल्यावर आपल्याला वाटतं की प्रत्येक घरात एकेक रुग्ण असणार. तसं होत नाही. हिशोबानं १०८ घरांत एक रुग्ण मूल असेल. ६७ घरांत दोन किंवा त्याहून जास्त असतील. आणि ८१ घरांत एकही नसेल. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा घरं अशी, जिथे आईबाप दोघंही वाहक, मुलं चार, आणि तरी कोणालाच काही नाही. त्या ८१ घरांतली माणसं छातीवर हात ठेवून सांगतील की आमच्या खानदानात हा आजार नाही. खोटं बोलत नसतील. पण फेरफार घरात असेल, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गुपचूप जात असेल. त्यातून आईबापांपैकी एकच वाहक असला तर एसएस मूल होतच नाही. अशा घरांत सात काय, सत्तर पिढ्या फेरफार चालत राहील आणि कोणाला पत्ता लागणार नाही.

शिवाय सात पिढ्या मोजणार तरी कशावरून? विळ्याच्या आकाराच्या पेशी वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा नोंदल्या गेल्या त्या १९१० साली, अमेरिकेत शिकागोला. भारतात या पेशी पहिल्यांदा सापडल्या १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याकडच्या गावात लहान मूल गेलं तर कारण काय सांगत? ताप आला, कावीळ झाली, पोट फुगलं, अंगात रक्तच नव्हतं, नजर लागली. त्यांतली किती सिकलसेलची होती हे आता कोणी सांगू शकणार नाही.

तेव्हा फेरफार कोणाच्या नावावर, याचं उत्तर सरळ आहे: दोघांच्या. तुमच्या मुलाकडे दोन प्रती आहेत, त्यातली एक तुम्ही दिलीत, दुसरी त्याच्या बापानं. एकट्या माहेराहून एसएस येऊच शकत नाही. तुमच्या आईवडिलांपैकी निदान एकाकडे हा फेरफार आहे, आणि सासूसासऱ्यांपैकीही निदान एकाकडे. तुमच्या यजमानांच्या रिपोर्टनंच हे सिद्ध झालंय. आणि समजा, तो रिपोर्ट कोणाला खोटा वाटत असेल, तर दुसरा पुरावा सासूबाईंनी स्वतःच कपाटात कुलूप लावून ठेवलाय. नणंदेचं पिवळं कार्ड! त्यांच्या सख्ख्या लेकीकडे ती प्रत तुमच्या माहेराहून तर गेली नाही ना?

हे वाक्य मी लिहिलं खरं, पण तुम्ही ते भांडणात वापरू नका. सासूबाईंचं बोलणं लागट आहे, तरी त्यामागे भीती आहे असं मला वाटतं. नातवाचा आजार, वर लेकीचं लग्न. दोष कोणाच्या तरी दारात टाकला की माणसाला थोडी झोप लागते. पण मला विचाराल तर दोष हा शब्दच इथे बसत नाही. हा फेरफार तुमच्या-माझ्या आठवणीतल्या कोणी केलेला नाही. तो हजारो वर्षांचा जुना आहे आणि तो टिकला त्याला कारण आहे. ज्याच्याकडे एकच प्रत फेरफाराची आहे, त्या एएस माणसाला मेंदूवर जाणाऱ्या जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. जिथे जंगल, तळी, डास आणि हिवताप, तिथे पिढ्यान्‌पिढ्या एएस मुलं जास्त जगली आणि फेरफार पसरला. आफ्रिका, अरबस्तान, आणि आपल्याकडचा मध्य भारत, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडारा, तिकडे नंदुरबार. तुमच्या कोणा खापरपणजीला हिवतापानं नेलं नाही ते कदाचित याच्यामुळे. आता हिवतापाचा धाक पूर्वीइतका राहिलेला नाही, देणं मात्र उरलंय.

नात्यात लग्न केलं नाही तरी कसं झालं, असं तुम्ही विचारता. मामेभावाशी किंवा आतेभावाशी लग्न केलं तर दोघांकडे एकाच आजोबाची प्रत असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण ज्या भागात आणि ज्या समाजांत वाहकच पुष्कळ आहेत, तिथे अनोळखी घरातला मुलगा करूनही तीच प्रत समोर येते. आपण लग्नं जातीत करतो, पंचक्रोशीत करतो. सात पिढ्यांचं नातं नसलं तरी सत्तर पिढ्यांपूर्वीचं असतंच. आणि हा फक्त आदिवासींचा आजार, हा समज तर सोडूनच द्या. विदर्भात आदिवासींबरोबर अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही तो आहे. तो समज धरून बसल्यामुळे कितीतरी घरांत तपासणी उशिरा झाली.

आता खर्रा. तुमच्या आईंना सांगा की जावयांना खर्रा सोडायला लावण्याचा त्यांचा हेतू चांगला आहे, कारण मात्र चुकीचं आहे. तंबाखू-सुपारीनं जनुकांत फेरफार होतात हे अगदी खरं, पण ते होतात गालाच्या आतल्या पेशींत, आणि त्यातूनच तोंडाचा कॅन्सर होतो. गालाच्या पेशीतून मूल होत नाही. मुलाकडे जातं ते फक्त स्त्रीबीजात आणि शुक्राणूत जे लिहिलेलं असेल ते. उन्हानं कातडीत झालेला बदल, खर्ऱ्यानं गालात झालेला बदल, हे त्या माणसाबरोबरच संपतात.

तशी नवी अक्षरचूक बीजातही होते. जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळात आईबाप दोघांकडेही नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात, तुमच्यात, माझ्यात, त्या शिकलेल्या गृहस्थांतही. त्यातले बहुतेक बापाकडून येतात आणि बापाचं वय वाढेल तसे वाढतात, कारण शुक्राणूंची नक्कल आयुष्यभर चालू असते. बायकांच्या वयावरून बोलणाऱ्यांनी हे कधीतरी ऐकावं. पण हे बदल लांबलचक पोथीत कुठेही पडतात आणि बहुतेकांनी काही बिघडत नाही. तुमच्या मुलाचा आजार असा नवा नाही. तो जुन्याच दोन नोंदी एकत्र आल्यामुळे आहे. ग्रहण, पपई, गरोदरपणातलं रडणं, यातलं काहीही त्याचं कारण नाही.

मुलगी झाली तर होत नाही, हे कुठून आलं ते माझ्या लक्षात येतं. हिमोफिलिया नावाचा आजार आहे, रक्त न थांबण्याचा. त्याचा कागद एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाकडे एक्स एकच, तो आईचा, म्हणून वाहक आईच्या मुलांना तो होऊ शकतो आणि मुली बहुधा फार तर वाहक होतात. कोणीतरी ते ऐकून इकडे चिकटवलं असेल. सिकलसेलचा कागद अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि ती जोडी मुलगा-मुलगी दोघांत सारखीच. मुलीलाही चारात एकच धोका.

बाळाच्या तपासणीबद्दल. आधी तुम्हा दोघांचं रक्त घेऊन दोघांतला फेरफार पक्का करतात, मग वारेच्या तुकड्यातला डीएनए तपासतात. निकाल तीनपैकी एक येतो: एए, एएस किंवा एसएस. या तपासणीनं गर्भ पडण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी सांगतात. अनुभवी हाताकडे जा म्हणजे तो आणखी कमी. नागपुरात ही सोय होते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे या प्रकारच्या तपासण्यांचं काम वर्षानुवर्षं चालतं. गर्भलिंगनिदानाचा कायदा आडवा येईल अशी धास्ती काहींना वाटते. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी त्या कायद्यात मंजूरच आहे, लिंग मात्र कोणी सांगणार नाही आणि तुम्ही विचारायचंही नाही. सही तुमची लागते. सासूची नाही, नवऱ्याचीही नाही.

निकाल एसएस आला तर काय करायचं, हे मी सांगणार नाही. गर्भपाताचा कायदा तुम्हाला वाट ठेवतो, आणि मूल ठेवायचं ठरवलंत तर तीही वाट आहे. या आजाराबरोबर दिवस कसे जातात हे तुमच्या घराला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी दोन्ही प्रकारचे निर्णय घेतलेल्या आया पाहिल्यात. ज्यांना पुढे सर्वांत जास्त त्रास झाला त्या तिसऱ्या होत्या, ज्यांच्या वतीनं घरातल्या दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. निकाल एसएस असला तरी मूल ठेवायचंच असं तुमचं आताच पक्कं असेल, तर वारेची तपासणी नाही केलीत तरी चालेल. मग बाळ जन्मल्याबरोबर त्याचं रक्त तपासायचं. थोरल्याच्या वेळी जे नऊ महिने अंधारात गेले ते धाकट्याचे जाणार नाहीत, लस आणि औषधं वेळेवर सुरू होतील.

नऊ महिन्यांवरून आठवलं. थोरला जन्मला तेव्हा धडधाकट होता, मग हे मागाहून कसं आलं, असं तुमच्या मनात आलं असेलच. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळी नसतेच. जन्मानंतर सहाएक महिन्यांत ते ओसरतं आणि बीटाचं राज्य सुरू होतं. फेरफार पहिल्या दिवसापासून होता, दिसायला लागला उशिरा. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळ्या मोठेपणीही ते बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतात. मुलाला त्या सुरू आहेत का हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसतील तर डॉक्टरांना विचारा. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं एका जनुक-उपचाराला मंजुरी दिली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशींमधली कळ फिरवून बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतात. खर्च इतका अफाट आहे की आज तुम्हाला त्याची आस लावणं बरं नव्हे. पण तुमचा मुलगा चारच वर्षांचा आहे, एवढंच म्हणते.

आता नणंद, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं तिचं ध्येय. आपल्या राज्यात तर तपासणी आणि कार्डं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत, वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल. ते पिवळं कार्ड दिलंच जातं लग्नाआधी दाखवण्यासाठी. ते कपाटात गेलं की तपासणी फुकट गेली. तुमच्या लग्नाच्या वेळी असंच एखादं कार्ड कोणाकडे तरी असतं, तर आज हे पत्र तुम्ही लिहिलं नसतं.

तरी कार्ड तुमचं नाही, नणंदेचं आहे. तुम्ही परस्पर मुलाकडच्यांना फोन करू नका. तो तुमचा अधिकार नव्हे, आणि घर कायमचं फाटेल. बोला ते नणंदेशी. दुपारी दोघीच असाल तेव्हा. तिला सांगा की ती आजारी नाही, तिच्यात खोट नाही, आणि तिचं लग्न मोडायची गरज नाही. मुलगा एए असेल तर त्यांच्या एकाही मुलाला सिकलसेल होणार नाही, निम्मी शक्यता वाहक होण्याची, बस. प्रश्न फक्त एकाच जोडीचा आहे, एएस आणि एएस. तीही निघाली तर लग्न करू नका असं मी म्हणणार नाही, पण ‘चारात एक’ हे आकडे हळद लागायच्या आधी दोघांना माहीत असले पाहिजेत. तिनं स्वतःच मुलाला सांगावं: माझी तपासणी झाली आहे, तुझीही करून घे. शिकलेली मुलगी आहे, सांगेल. नाही सांगितलं, तर तुमच्या यजमानांनी आईशी बोलावं. हे ओझं सुनेच्याच डोक्यावर का?

मुलाच्या तपासणीत एक खाचखळगा आहे. बोटातून थेंब घेऊन करतात ती सोल्युबिलिटीची चाचणी सोपी आणि स्वस्त, पण ती फक्त एस आहे की नाही एवढंच सांगते. मुलगा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या एका आजाराचा वाहक असेल तर ती ‘नाही’ म्हणेल आणि सगळे निर्धास्त होतील. मग त्यांच्या मुलाला एकीकडून सिकल आणि दुसरीकडून थॅलेसेमिया मिळाला तर तो आजार कधीकधी एसएसइतकाच जड जातो. म्हणून नवऱ्या मुलाची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी रक्ततपासणी, करून घ्या. एकदाच करायची, आयुष्यभर तोच रिपोर्ट चालतो. पत्रिका जमवायला गुरुजींकडे जाताना हा कागदही बरोबर न्यावा, गुरुजी नाही म्हणायचे नाहीत.

थोरल्याचं थोडक्यात. त्याला दिवसभर पाणी पाजत राहा, शाळेत बाटली आणि लघवीला जायची मोकळीक हवी म्हणून बाईंना चिठ्ठी द्या. ताप १०१ च्या वर गेला तर घरी बघत बसायचं नाही, रात्र असली तरी दवाखाना. अचानक निस्तेज झाला आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगलं तर प्लीहेत रक्त साठतंय असं समजून लगेच निघा. डॉक्टरांकडून प्लीहा हातानं कशी चाचपायची ते शिकून घ्या, पुष्कळ आया शिकतात. न्यूमोनियाची लस, फॉलिक आम्ल आणि पेनिसिलीन चालू आहे का ते विचारा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्याचं प्रमाणपत्र काढायचं राहिलं असेल तर काढा.

नागपूरला जाल तेव्हा दोघांचे एचपीएलसीचे रिपोर्ट, थोरल्याचं लाल कार्ड आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद बरोबर असू द्या. कितवा आठवडा चाललाय ते सोनोग्राफीवरूनच ठरतं, तारखेच्या हिशोबानं चूक होते. यजमानांना सोबत न्या, त्यांचंही रक्त लागणार आहे. पहाटेच्या गाडीनं जाणार असाल आणि मुलाला घरी ठेवता येत नसेल, तर त्याला स्वेटर आणि कानटोपी घाला. गारठ्यानं त्याचं दुखणं उठतं.